आईनं काम सांगितलं

मोहनरावांची चूक एवढीच झाली की पुरतं ऐकून घ्यायच्या आधी त्यांनी गावाला सांगून टाकलं.

छप्पन सालची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ते मोटेकडे निघाले असताना चुलीपुढं भाकरी थापत बसलेली द्वारकाबाई मान वर न करता म्हणाली, की आत्ता आई बोलली माझ्याशी. आई म्हणजे देव्हाऱ्यातली भवानी. जन्मदात्रीला त्या घरात सगळे ‘बय’ म्हणत. मोहनराव उंबऱ्यातच थबकले. द्वारकाबाई ही त्यांच्या थोरल्या भावाची, आप्पाची बायको. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत घरचा स्वयंपाक, देवपूजा आणि दोन म्हशी सांभाळताना या बाईनं गरजेबाहेर एक शब्द खर्च केला नव्हता. अशी बाई देवी बोलली म्हणते तर बोललीच असणार. मोहनरावांनी पायातलं काढून तिथूनच हात जोडले आणि काय बोलली हे न विचारता बाहेर पडले.

दुपारपर्यंत सगळ्या कऱ्हाटी गावाला कळलं. संध्याकाळी नारळ घेऊन बायका दारात आल्या. द्वारकाबाईनं त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि चहा केला, पण त्या पाया पडायला लागल्या तेव्हा ती म्हशीची धार काढायची आहे म्हणून गोठ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी विहिरीजवळच्या लिंबाखाली देवीच्या ओट्याची जागा नक्की केली. बारामतीच्या बाजारात आपली वांगी देवीच्या मळ्यातली म्हणून ओळखली जातील, हेही त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी ओट्याचं तोंड कुणीकडं हवं ते विचारायला ते वैनीकडे गेले.

“ओट्याचं आईनं काय सांगितलं न्हाय भाऊजी,” द्वारकाबाई म्हणाली. “बारामतीच्या दवाखान्यात जा, बाळंतपणाचं काम शीक, असं सांगितलंय.”

मोहनराव शेजारच्या जात्यावर बसले. जात्यावर बसू नये हेही त्यांना सुचलं नाही.

त्याच दिवशी दोन कार्डं टाकली गेली. एक भिगवणला, मोहनरावांच्या थोरल्या बहिणीला, झुंबरला. दुसरं इंदापूरला, द्वारकाबाईच्या भावाला, गेणूला. दोन्हींत मजकूर एकच होता: द्वारकाबाईचं जरा वेगळंच झालं आहे, कार्ड पोचताच निघून यावं.

रविवारी सकाळी गेणू आला तो वाटेतल्या बांधापासून रडतच आला. खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड झाकून तो अंगणात बसला आणि माझी बहीण मला शेवटची दिसलीसुद्धा नाही असं म्हणू लागला. त्याच्यापुढं कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला. दोन घोट पिऊन त्यानं वर पाहिलं तर तांब्या ठेवणारी द्वारकाबाईच होती. गेणूचं रडं जागच्या जागी थांबलं. बहीण जिवंत असल्याचा आनंद त्याला झालाच, पण पाठोपाठ त्याचा हिशेबही सुरू झाला. मेली नाही, म्हणजे घरातून काढतायत. म्हणजे आपल्याकडं येणार. इंदापुरात त्याच्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या एकीत सासरा होता, आणि त्याची बायको कौसल्या निघताना म्हणाली होती की काय व्हायचं असेल ते तिकडंच होऊ द्या.

झुंबर दुपारच्या गाडीनं आली. तिला रडायची सवय नव्हती. ती आल्या आल्या पडवीत खांबाला टेकून बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, आता सांगा कुणाचं काय चुकलंय.

पडवीत सगळे बसले. मधोमध फुलाबाई, मोहनरावांची आणि झुंबरची बय. तिचं या प्रकरणात निराळंच दुखणं होतं. गेली तीस वर्षं दर नवरात्रात अष्टमीला देवी फुलाबाईच्याच अंगात येई. आळीतली माणसं जमत, हलगी वाजे, फुलाबाई केस सोडून घुमे आणि देवी तिच्या तोंडून कधी खण मागे, कधी नारळ, एकदा तर नथही मागितली होती. त्या दिवशी सगळ्या गावात फुलाबाईइतका मान कुणालाच नसे. आता घरच्याच सुनेशी देवी परभारे बोलली, तीही साध्या बुधवारी, ही गोष्ट चार दिवस तिच्या घशाखाली उतरत नव्हती. म्हणून पहिला प्रश्न तिनंच विचारला. अंगात आली का?

द्वारकाबाई म्हणाली, न्हाय.

घुमलीस का? न्हाय. केस सुटले? न्हाय. डोळ्यांपुढं उजेड? तोही नाही. मग आवाज कसा होता, असं विचारल्यावर द्वारकाबाईनं थोडा विचार केला आणि सांगितलं की शेजारी बसलेल्या माणसानं पळी मागावी, तसा होता.

“आन तू काय करत हुतीस?”

“भाकरी थापत हुते.”

“भाकरी करपली?”

“न्हाय.”

फुलाबाईनं सगळ्यांकडं फिरून पाहिलं. आई येऊन बोलून जाते आणि तव्यावरची भाकरीसुद्धा करपत नाही, हे तिच्या तीस वर्षांच्या अनुभवात बसणारं नव्हतं. झुंबरलाही ते पटलं. तिनं आपलं मत दिलं की हा वाताचा प्रकार आहे, भिगवणला स्टेशनमास्तरच्या आईलाही असंच ऐकू यायचं, कानात लसणीचं तेल घातल्यावर थांबलं.

इथंच सगळं मिटायचं, पण मोहनराव अडचणीत आले. गावाला त्यांनीच सांगितलं होतं. देवी बोललीच नाही म्हणावं तर चार दिवस खोटं बोलत फिरल्यासारखं होतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. आई बोलली यात शंका नाही, पण वैनीच्या ऐकण्यात काही राहून गेलं असेल. आईला म्हणायचं असेल, बारामतीहून दगड आणा.

द्वारकाबाईनं एवढंच सांगितलं की दगडाचं नाव निघालं नव्हतं.

गेणू इतका वेळ गप्प होता. त्यानं घसा साफ करून हळूच विचारलं, की बारामतीला जायचं म्हणजे राहायचं कुठं. त्याच्या डोळ्यांपुढं बारामतीच्या पुढचा इंदापूरचा रस्ता दिसत होता. द्वारकाबाई म्हणाली, दवाखान्यातच खोली देतात. आणि खायचं? तेही देतात. किती दिवस? सहा महिने. आणि मग? मग परत इथं, कऱ्हाटीत, कामाला. गेणूनं हे सगळं एकेक करून पक्कं करून घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यानं उपरणं नीट खांद्यावर टाकलं आणि सांगून टाकलं की देवीची आज्ञा मोडणं बरं नव्हे, बहिणीला जाऊ द्यावं, आपला पूर्ण पाठिंबा आहे. सकाळी शेवटची दिसली नाही म्हणून रडणारा माणूस दुपारी तिला निरोप द्यायला इतका उतावीळ झालेला पाहून झुंबरनं कपाळावर हात मारला.

रंगूबाई, मोहनरावांची बायको, दाराआड उभी होती. पंधरा वर्षं ती त्या घरात धाकटी होती. मीठ किती, कालवण कुणाला आधी, कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला, सगळं जाऊबाईच्या हातात. जाऊबाई वाईट नव्हती, आणि वाईट नसलेल्या माणसाविरुद्ध पंधरा वर्षं काही बोलता येत नाही, याचाच रंगूबाईला जास्त त्रास होता. देवी बोलल्यापासून ती मनातून देवीवर खूश होती. किल्लीला नवा गोफ करायचाही तिनं विचार केला होता. तिनं दारातूनच सांगितलं की थोरल्या बाईंच्या मनात आहे तर अडवू नये, घराचं काय, घर मी बघीन.

“अकरा माणसांच्या भाकरी?” झुंबरनं विचारलं.

रंगूबाई म्हणाली, करीन.

“आन ती तांबडी म्हस? ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. गेल्या साली मला लाथ मारली, अजून मांडी दुखती.”

तांबड्या म्हशीचा विचार रंगूबाईनं केला नव्हता. ती दोन पावलं मागं सरकली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, की बाईमाणसानं परगावी राहणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील.

आता मोहनराव, फुलाबाई, झुंबर आणि रंगूबाई एका बाजूला आले आणि दुसऱ्या बाजूला एकटा गेणू उरला, ज्याचा कुणाला भरवसा नव्हता. मोहनरावांना जोर चढला. त्यांनी वैनीला समजावून सांगायला सुरुवात केली. सुईणीचं काम म्हणजे विटाळाचं काम. आज या घरी, उद्या त्या घरी. गावकुसाबाहेरून बोलावणं आलं तर तिकडंही जावं लागेल. द्वारकाबाई म्हणाली, जाईन की, तिथल्या बायकांची पोटंही अशीच दुखतात. मोहनरावांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि आपला मोठा मुद्दा काढला. तो त्यांनी दोन रात्री विचार करून शोधला होता. रोज कुणाच्या तरी बाळंतिणीला हात लावणाऱ्या बाईला देव्हाऱ्याला हात लावता येणार नाही. सत्तावीस वर्षं, या घरात आल्या दिवसापासून, वैनीनं आईच्या टाकाला रोज आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं, तिच्याशिवाय कुणाच्या हातची पूजा या घराला माहीत नाही. आप्पा गेल्यावर आळीतल्या बायका म्हणाल्या होत्या की आता हिनं देवाला हात लावू नये, तेव्हा याच मोहनरावांनी सगळ्यांशी भांडून पूजा वैनीकडंच ठेवली होती. ती पूजा कायमची सुटेल. देवीसाठी देवी सोडणार का, हे वैनीनंच सांगावं.

मुद्दा बिनतोड होता. गेणूसुद्धा जमिनीकडं पाहू लागला.

द्वारकाबाईचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता तो थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आईनं सांगितलं त्या दिवशीच तिच्या ते लक्षात आलं होतं, आणि गोठ्यात ती पाया पडणाऱ्या बायकांपासून लपायला गेली नव्हती, तिला रडायचं होतं. तेरा वर्षांची असताना ती या घरात आली. घरात तिचं म्हणावं असं तो टाक सोडून काहीच नव्हतं. नवरा गेला, मूल राहिलं नाही. सकाळी टाकावरून पाणी ओतताना बोटांना लागायचा तो गारवा, तेवढंच.

“सुटंल,” ती म्हणाली. “आई मला जा म्हणाली. माझ्यापाशी बसून राहा म्हणाली न्हाय.”

मग झुंबर चिडली. ती म्हणाली, पण तुलाच का. गावात प्रयागबाई आहे सुईण, आमची सगळ्यांची बाळंतपणं तिनं केली. द्वारकाबाईनं सांगितलं की प्रयागबाईला आता दिसत नाही, ती बोटांनी चाचपून काम करते, आणि या एका वर्षात गावात तीन पोरं गेली. पोरं जातातच, झुंबर म्हणाली, सटवाईनं लिहिलेलं असतं.

तेव्हा द्वारकाबाईनं श्रावणातली गोष्ट सांगितली. ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. बारामतीच्या दवाखान्यातली एक नर्सबाई, विजयमाला तिचं नाव, गावात आली होती. चावडीपुढं तिनं बायका जमवल्या आणि शिकायला कोण येतं म्हणून विचारलं. कुणी हात वर केला नाही. सगळ्या हसत होत्या. द्वारकाबाई मागं बसून मेथी निवडत होती. नर्सबाई म्हणाली की नाळ कापायचं हत्यार उकळून घेतलं नाही तर त्याची घाण बाळाच्या रक्तात जाते. बाळ चांगलं असतं, दूध पितं, आणि मग आठ-दहा दिवसांत त्याची दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं ताठ होतं आणि ते जातं.

“माझं आठव्या दिशी गेलं,” द्वारकाबाई म्हणाली. “तोंड उघडंना. दूध गालावरनं खाली येत हुतं. वीस वर्सं मी म्हणत आले, सटवाईनं लिवलं. त्या दिशी मेथी तितंच टाकून घरी आले. आईपुढं बसले. म्हटलं, तू लिवलंस का इळ्यानं लिवलं, सांग. तीन महिनं रोज इचारत हुते. मग ती बोलली.”

म्हैस गोठ्यात रेकली, तिकडं कुणी गेलं नाही. झुंबर बोटं मोडत होती असं मोहनरावांना वाटलं, पण ती मोजत होती. तिला सात झाली होती. दोन याच घरात गेली, बाळंतपणाला माहेरी आली असताना.

“किती दिवस म्हणाली ती?” तिनं विचारलं.

“आठ-धा.”

झुंबरनं पुन्हा मोजलं. एक नवव्या दिवशी. दुसरं कितव्या, तिला नीट आठवेना. मग आठवलं. तिनं लांब केलेले पाय जवळ घेतले आणि पदर तोंडाला लावला. मोहनरावांनी आपल्या या बहिणीला तिच्या लग्नानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं. आताही ती रडली नाही, फक्त पदराआडून म्हणाली की जाऊ दे हिला, मी सांगते.

राहिली फुलाबाई. ती कुणाकडंच पाहत नव्हती. तिचं वय सत्तरीकडं झुकलेलं होतं आणि विसरायच्या पुष्कळ गोष्टी ती विसरलेली होती, पण ती पहाट तिच्या डोळ्यांपुढं स्वच्छ उभी राहिली. प्रयागबाई शेजारच्या गावाला गेलेली, सून कळांनी तळमळत असलेली, आणि नातू झाला म्हणून आनंदानं हाताला येईल ते घेऊन धावलेली ती स्वतः. द्वारकाबाईनं हत्यार म्हटलं होतं, इळा म्हटलं होतं. कुणाच्या हातात होता ते म्हटलं नव्हतं. वीस वर्षांत म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हणणार नव्हती.

“मी कापली हुती,” फुलाबाई म्हणाली. “मेथीच्या इळ्यानं. पुसला हुता, पर पदरानंच.”

“तुमाला काय ठावं हुतं बय,” द्वारकाबाई म्हणाली.

“कुणालाच ठावं नव्हतं. आता तुला ठावं झालंय.”

मोहनरावांना वाटलं, बय आता आतून खचली, आता विषय थांबवावा, उद्या बघू. ते तसं म्हणणार तोच ती ताठ बसली आणि सुनेकडं निरखून पाहू लागली, जणू एवढी वर्षं ती घरात आहे हे आजच कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्यात दुसरंही काही होतं. रंगूबाईनं नंतर चूल फुंकताना स्वतःशी कबूल केलं की तो हेवाच होता, पण चांगल्या जातीचा.

“तीस वर्सं माझ्या अंगात येती,” फुलाबाई म्हणाली. “खण माग, नारळ माग. एकदा नथ मागितली, ती बी मीच घालून बसले. मला कधी काम सांगितलं न्हाय तिनं. हिला काम सांगितलं.”

मोहनरावांचा शेवटचा आधार गेला. त्यांनी अगदी पडेल आवाजात विचारलं, की मग गावाला मी काय सांगू, लिंबाखाली जागा सारवून ठेवलीय, पाटलांनी नारळ कबूल केलेत.

“आई बोलली हे तूच सांगितलंस न्हवं?” फुलाबाई म्हणाली. “मग काय बोलली ते बी तूच सांग.”

गेणूनं टाळी वाजवायला हात वर केले होते. बहिणीनं त्याच्याकडं पाहिलं तेव्हा त्यानं ते जोडून नमस्कार केल्यासारखं दाखवलं.

चार दिवसांनी द्वारकाबाई गेली. निघायच्या दिवशी तिनं पहाटे टाकाची पूजा केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ नाही की कमी नाही. मग रंगूबाईला बोलावून तांब्या तिच्या हातात दिला आणि पाणी एकदम ओतायचं नाही, धार धरायची, एवढं सांगितलं. किल्लीही दिली. रंगूबाईनं ती पंधरा वर्षं वाट पाहून मिळालेल्या वस्तूसारखी घ्यायची ठरवलं होतं, पण घेताना तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं नाक पुसायला तोच हात वापरल्यामुळं किल्ली खाली पडली. सरकारी गाडीत द्वारकाबाई जन्मात पहिल्यांदाच बसत होती. बारामती येईपर्यंत तिला तीनदा उलटी झाली, आणि दवाखान्याच्या दारात ती उतरली तेव्हा विजयमालाबाईंनी आधी तिलाच खाटेवर निजवलं.

इकडं घरात दोन दिवस कसेबसे गेले. भाकऱ्या जाड झाल्या, कुणी काही बोललं नाही. पण तांबडी म्हैस दूध चोरून बसली. रंगूबाईला तिनं गोठ्याच्या दारापर्यंतही येऊ दिलं नाही. गड्यानं पाय बांधून बघितले तर तिनं दावंच तोडलं. दूध फुकट जाऊ लागलं आणि म्हशीची कास दगडासारखी झाली. पाचव्या दिवशी रंगूबाई अवेळी गोठ्यात डोकावली तर आत द्वारकाबाईच बसली होती. तिचं ते जुनं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. रंगूबाईच्या हातातला बत्ता पडायचाच बाकी होता. मग पदराखालून मोहनरावांच्या मिशा दिसल्या.

“जा आत,” ते हळूच म्हणाले. “तिला आवाज वळखू यील.”

ते त्यांनी पुढं रोज केलं, दोन्ही वेळा. पंचायतीच्या बैठकीतून उठूनसुद्धा ते धारेला येत. ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून त्यांनी घरात सगळ्यांना आईची शपथ घातली होती, आणि कुठली आई हे कुणी विचारलं नाही. लिंबाखालच्या सारवलेल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिला. शेवटी फुलाबाई तिथं वाळवण घालू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगे की आमची थोरली बारामतीला शिकायला गेलीय, आईनंच धाडलीय, आणि तुमच्या सुनेला कितवा महिना?

माघात एका गुरुवारी मोहनराव वांग्यांची गाडी घेऊन बारामतीच्या बाजारी गेले. माल दुपारीच संपला. परत फिरायचं सोडून त्यांनी बैल दवाखान्याच्या कुंपणाशी सोडले. बयनं डिंकाचे लाडू दिलेत, ते द्यायचे आणि निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. लाडू बयनं दिले नव्हते. ते त्यांनी रंगूबाईकडून करवून घेतले होते.

व्हरांड्यात ते चढले तोच पांढऱ्या लुगड्यातली एक ठसठशीत बाई आतून आली आणि त्यांना पाहताच तिनं सुरुवात केली. काल रात्रीपासून कळा येतायत आणि आज दुपारी गाडी जुंपता काय? बायको म्हणजे काय बाजाराचा माल आहे, की सवडीनं आणावा? मोहनराव मी, मी, असं दोनदा म्हणाले. विजयमालाबाई म्हणाल्या की तुम्हीच, तुमच्यासारख्यांमुळंच आमच्या हातात बाया उशिरा येतात, आणि त्या पुन्हा आत गेल्या. खरा नवरा डाळजचा एक मेंढपाळ होता. तो हे सगळं होईपर्यंत खांबाआड उभा होता, आणि त्या गेल्यावर बाहेर येऊन मोहनरावांजवळ बसला.

मोहनराव उठून निघणारच होते. त्यांच्या गावात त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं. एवढ्यात दार उघडलं आणि द्वारकाबाई बाहेर आली. कोपरापर्यंत हात ओले, बाह्या वर केलेल्या, डोक्यावरचा पदर मागं खोचलेला. सत्तावीस वर्षांत त्यांनी वैनीचे केस कधी पाहिले नव्हते. ते बरेचसे पिकले होते. तिनं त्यांना पाहिलं, ओळखीचं हसली, आणि ते काही बोलायच्या आत म्हणाली,

“भाऊजी, तितंच बसा. आत एक अडलीय. येळ लागंल.”

तिनं त्यांना कधी काही करायला सांगितलं नव्हतं. मोहनराव लाडवांचं फडकं मांडीवर घेऊन बसले. दार लागलं. आतून एका बाईचं ओरडणं ऐकू आलं आणि त्यावर वैनीचा आवाज, सावकाश, तांबड्या म्हशीला चुचकारावं तसा, आता थांब, आता दम घे, आता जोर कर. मेंढपाळानं मान खाली घातली. तो घामानं चिंब झाला होता. मोहनरावांच्याही कपाळावर घाम आला. त्यांना स्वतःची चार मुलं होती, पण ती झाली तेव्हा ते प्रत्येक वेळी मळ्यात होते, आणि मुलगा की मुलगी एवढंच त्यांना येऊन कुणीतरी सांगितलं होतं.

बाकड्यावर आणखी दोघं होते. त्यातल्या एकानं तंबाखू मळून त्यांच्यापुढं धरली आणि आपुलकीनं विचारलं, की पावणं, तुमची कितवी येळ?

मोहनरावांनी तंबाखूची चिमूट घेतली आणि बंद दाराकडं पाहिलं.

“पहिलीच,” ते म्हणाले.